पर्वतीचा पायथा ते कात्रज : पुण्यातील प्राणिसंग्रहालय आणि कौटुंबिक सहलीचा सामाजिक इतिहास

बीजशब्द : शिकारखाना, पेशवे पार्क, कौटुंबिक सहल, सार्वजनिक जागा, नगरपालिका, वन्यजीव संरक्षण कायदा

प्रस्तावना

एखाद्या कुटुंबाने रविवारी प्राणिसंग्रहालय पाहावयास जाणे ही घटना इतिहासग्रंथात सहसा स्थान मिळवीत नाही. राजवटी बदलतात, कायदे होतात, सत्याग्रह घडतात. त्यांची नोंद दप्तरांत होते. परंतु आई-वडील, आजी आणि तीन मुले सकाळची कामे आटोपून, दशम्यांचा डबा व पाण्याची फिरकी घेऊन वाघ पाहावयास निघाली, याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. घरातील जमाखर्चाच्या वहीत त्या दिवसाचा खर्च फार तर ‘किरकोळ’ या सदरात सापडेल. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लहान व मध्यम शहरांत वाढलेल्या पिढ्यांना बालपणीचा आनंदाचा दिवस कोणता असे विचारल्यास त्यांपैकी अनेकांच्या उत्तरात पिंजऱ्यातील वाघ आणि हत्तीच्या पाठीवरील फेरी येते. जे इतक्या जणांच्या स्मरणात आहे आणि दप्तरात मात्र नाही, त्याकडे इतिहासाच्या अभ्यासकाने दुर्लक्ष करणे योग्य नव्हे.

प्रस्तुत लेखात पुणे शहराचे उदाहरण घेतले आहे. आजच्या पुण्याला लहान शहर म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु ज्या काळाचा येथे प्रामुख्याने विचार केला आहे त्या काळातील पुणे मुंबईच्या तुलनेत लहान, पायी हिंडता येण्याजोगे आणि बरेचसे वाड्यांतून राहणारे शहर होते. १९५१ च्या जनगणनेनुसार पुणे महानगरपालिका हद्दीची लोकसंख्या पाच लाखांच्या आत होती; २०११ च्या जनगणनेत ती एकतीस लाखांच्या वर गेली. पुण्याचे प्राणिसंग्रहालय या दोन आकड्यांच्या मधल्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी उभे राहिले आणि तेथून कात्रजला गेले. या स्थलांतरामुळे प्राण्यांना न्याय मिळाला, हे निर्विवाद आहे. मात्र त्याच वेळी एका विशिष्ट सामाजिक स्तरातील कुटुंबांच्या हातून काहीतरी निसटले, याचा विचार फारसा झालेला नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शिकारखाना : राजाचे पाहणे

प्राणी एकत्र ठेवून ते पाहण्याची प्रथा आपल्याकडे नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या विहारासाठी राखलेल्या मृगवनाचे वर्णन आहे. त्यात हिंस्र श्वापदांची नखे व दाढा काढून टाकलेल्या असाव्यात असे सांगितले आहे. त्याच ठिकाणी, राज्याच्या सीमेकडे आणखी एक वन असावे व तेथे सर्व प्राण्यांना अतिथी मानावे, असाही उल्लेख येतो. नखे काढलेला वाघ आणि अतिथी मानलेले हरीण, प्राण्याकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी एकाच ग्रंथात शेजारी शेजारी आहेत. पुढील दोन हजार वर्षांत पहिलीच दृष्टी प्रबळ ठरली, असे खेदाने म्हणावे लागते.

मराठेशाहीत या व्यवस्थेचे नाव ‘शिकारखाना’ असे होते. अठरा कारखान्यांच्या परंपरागत यादीत पीलखाना व उष्टरखाना यांच्या जोडीने शिकारखान्याचाही समावेश आहे. हे नाव अर्थपूर्ण आहे. ‘प्राणिसंग्रहालय’ या आजच्या शब्दात संग्रह आहे, म्हणजे वस्तुसंग्रहालयाची कल्पना आहे. ‘शिकारखाना’ या शब्दात मात्र प्राणी हा राजाच्या मृगयेचे साधन किंवा तिचे फळ म्हणून येतो. तो कोणासाठी ठेवला आहे याविषयी या शब्दात कोणतीही शंका नाही.

पर्वतीच्या परिसरातील शिकारखान्याचा उत्कर्षकाळ सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत (१७७४–१७९५) येतो. काही लेखनात त्याचा आरंभ थोरल्या माधवरावांपर्यंत मागे नेलेला आढळतो. मात्र ठोस पुरावा हाती येतो तो पुढच्या काळातील. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये पुणे दरबारी आला. त्याच्यासाठी काम करणाऱ्या गंगाराम चिंतामण तांबट या मराठी चित्रकाराने नोव्हेंबर १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र काढले. ते आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. पेशवा तेव्हा सोळा वर्षांचा होता. गेंडा हा दख्खनच्या पठारावरचा प्राणी नव्हे. तो दूर देशाहून आणलेला, म्हणजे सत्ता किती लांबवर पोहोचते हे दाखविणारा प्राणी होता. मराठी चित्रकार, इंग्रज वकील आणि परमुलखातून आणलेला गेंडा असे तिघे एका कागदापाशी एकत्र आले, हा योगायोग त्या काळाच्या राजकारणाविषयी पुष्कळ काही सांगून जातो. मात्र त्या कागदावर कोणतेही कुटुंब नाही. आपल्या मुलाला खांद्यावर घेऊन गेंडा दाखविणारा बाप त्या चित्रात असण्याचे कारणच नव्हते.

याच परिसरात नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीचे देवस्थान उभारले आणि पायथ्याशी तळे बांधविले. तळ्यातील बेटावर १७८४ मध्ये सवाई माधवरावांनी गणपतीची स्थापना केली. तोच पुढे ‘तळ्यातला गणपती’ आणि तळे बुजल्यानंतर ‘सारसबागेचा गणपती’ झाला. या तळ्याला पाणी देणारा आंबिल ओढा कात्रजच्या डोंगरातून येतो. नानासाहेबांनीच कात्रज येथे तलाव बांधून तेथील पाणी जमिनीखालील नळाने शहरात आणले. म्हणजे पर्वतीचा पायथा आणि कात्रज ही दोन ठिकाणे अठराव्या शतकातच पाण्याने जोडली गेली होती. पुण्याचे प्राणिसंग्रहालय दोनशे वर्षांनंतर याच ओढ्याच्या काठाने उगमाकडे सरकले, ही गोष्ट योजून घडलेली नाही. पण नकाशा समोर घेतल्यास ती नजरेतून सुटत नाही.

सार्वजनिक बाग आणि तिकीट

प्राणी सर्वांना पाहता यावेत ही कल्पना युरोपात फ्रेंच राज्यक्रांतीनंतर रुजली. राजाच्या व्हर्साय येथील संग्रहातील उरलेले प्राणी पॅरिसच्या वनस्पती उद्यानात आणले गेले. लंडन येथील प्राणिसंग्रहालय १८२८ मध्ये सुरू झाले, तरी सर्वसामान्यांना तेथे प्रवेश मिळाला तो १८४७ मध्ये. वसाहतींमध्ये ही कल्पना लवकरच आली. त्रिवेंद्रमचे प्राणिसंग्रहालय १८५७ चे मानले जाते. मुंबईत १८६२ मध्ये व्हिक्टोरिया गार्डनचे उद्घाटन झाले. कलकत्त्यातील अलीपूरचे प्राणिसंग्रहालय १८७६ मध्ये खुले झाले. बडोद्यात १८७९ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या नावाची बाग विश्वामित्रीच्या काठी तयार झाली आणि तेथील प्राणिसंग्रहालय बडोदेकर मराठी कुटुंबांच्या परिचयाचे झाले.

मुंबईच्या बागेला मराठी माणसाने ‘राणीचा बाग’ असे नाव दिले. कागदोपत्री कोणतेही नाव असो, लोकांनी तिला आपल्या भाषेत घेतले. पुण्याच्या मुलांसाठी कित्येक दशके ‘वाघ पाहणे’ याचा अर्थ मुंबईस नातेवाइकांकडे जाऊन राणीचा बाग पाहणे असाच होता. पुण्यात एकोणिसाव्या शतकातील बंड गार्डन, एम्प्रेस गार्डन यांसारख्या बागा झाल्या. परंतु त्या लष्कर भागाकडे. पेठांतील कुटुंबांच्या रोजच्या जगापासून त्या दूर होत्या. अंतर फार नव्हते, पण तेथील चालीरीती परक्या होत्या.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले. फेब्रुवारी १९५० मध्ये पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली आणि १९५३ मध्ये पर्वतीच्या पायथ्याशी, जेमतेम सात एकरांच्या आसपासच्या जागेत, ‘पेशवे पार्क’ सुरू झाले. या नावात एक गंमत आहे. ‘पेशवे’ हा शब्द या भूमीच्या पूर्वस्मृतीचा आणि ‘पार्क’ हा इंग्रजी अमदानीचा. दोन्ही राजवटी गेल्यानंतर लोकनियुक्त संस्थेने ते एकत्र केले. तिकीट काढणाऱ्या कोणालाही आत प्रवेश होता.

‘कोणालाही’ हा शब्द येथे सहज वापरलेला नाही. ज्या पर्वतीच्या पायथ्याशी हे उद्यान झाले त्याच पर्वतीवरील मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुले व्हावे म्हणून ऑक्टोबर १९२९ मध्ये सत्याग्रह झाला होता. शिवराम जानबा कांबळे हे या सत्याग्रहाच्या अग्रणींपैकी एक होते. सत्याग्रहींवर सनातन्यांनी दगड फेकले, मारहाण केली. मंदिराचे दार उघडले नाही. कायद्याने मंदिरे खुली होण्यास १९४७ चा मुंबई इलाख्याचा मंदिर प्रवेश कायदा व्हावा लागला. सत्याग्रह आणि पेशवे पार्क यांत अंतर होते केवळ चोवीस वर्षांचे. १९२९ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा १९५३ मध्ये स्वतःच्या मुलांना घेऊन त्याच टेकडीखालच्या एका फाटकातून, जात न सांगता, एका तिकिटावर आत जाऊ शकत होता. प्राणिसंग्रहालय उभारणाऱ्यांच्या मनात हा विचार होता असे आमचे म्हणणे नाही. परंतु सार्वजनिक जागेचा इतिहास लिहिताना हेतूपेक्षा परिणामाकडे पाहावे लागते. वाघाच्या पिंजऱ्यासमोरील गर्दीत पंक्ती नसते. तेथे उभे राहणाऱ्यांत सोवळे-ओवळे पाळता येणे अवघड होते, हे ज्यांनी ती गर्दी पाहिली आहे त्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

तिकीट हा सुद्धा अडसर असतो, हे मान्य केले पाहिजे. ज्याच्याकडे तेवढेही पैसे नाहीत त्याला जात न विचारणारे फाटकही बंदच असते. तथापि महानगरपालिकेच्या उद्यानाचे शुल्क कामगार, कारकून, शिक्षक यांच्या आवाक्यातील असे, आणि मुख्य म्हणजे तेथे पोहोचण्यास खर्च नसे. सदाशिव, शुक्रवार, नवी पेठ, स्वारगेट, दांडेकर पुलाजवळील वस्त्या, पर्वतीच्या उतारावर पुढे दाट होत गेलेली जनता वसाहत, या सर्व ठिकाणांहून लहान मुलालाही हाताला धरून चालत नेता येत असे.

सहलीचा दिवस

अशा सहलीचे स्वरूप वर्षानुवर्षे फारसे बदलले नाही, म्हणून तिचे सर्वसाधारण वर्णन करता येते. प्रथम गणपतीचे दर्शन, नंतर प्राणी, नंतर मुलांची रेल्वे, मग सतरंजी अंथरून घरचा डबा आणि शेवटी, घरातील कर्त्याची मर्जी असल्यास, भेळ. या क्रमाला महत्त्व आहे. गणपती प्रथम येतो तो केवळ श्रद्धेने नव्हे. एकत्र कुटुंबात स्त्रियांच्या घराबाहेर पडण्याला कारण लागत असे. देवदर्शन, जत्रा, हळदीकुंकू, माहेर ही मान्य कारणे होती. नुसते फिरावयास जाणे हे कारण नव्हते. प्राणिसंग्रहालयाने दोन मान्य कारणे एकाच वेळी दिली, एक देव आणि दुसरे मुलांचे शिक्षण. सासूबाईंना गणपतीचे नाव सांगता येई आणि पतीला मुलांच्या अभ्यासाचे. त्या आडोशाने घरातील स्त्रीला अर्धा दिवस चुलीपासून दूर, मोकळ्या हवेत, पाय पसरून बसता येत असे. डबा मात्र तिनेच पहाटे उठून केलेला असे, हे विसरून चालणार नाही. स्त्रियांच्या विश्रांतीचा इतिहास लिहिला गेला तर त्यात उद्यानातील या सतरंजीला एक परिच्छेद द्यावा लागेल.

‘मुलांचे शिक्षण’ हे कारण अगदीच खोटे नव्हते. अंकलिपीतील चित्रांवरून ज्याला हत्ती ठाऊक होता आणि इसापनीतीवरून ज्याला सिंह ठाऊक होता, त्या मुलाला येथे प्रथम कळत असे की हत्तीच्या कातडीवर केस असतात आणि सिंह बहुतेक वेळ झोपलेला असतो. दुसऱ्या गोष्टीने बहुतेक मुलांची निराशा होई. सिंहाने डरकाळी फोडावी म्हणून मोठी माणसे गजांवर काठी आपटत, खडे मारीत, तोंडाने आवाज काढीत. माकडांच्या पिंजऱ्यासमोर तर माणसे कोण आणि माकडे कोण असा प्रश्न पडावा अशी स्थिती असे. या दिवसांची आठवण काढताना आपण हा भाग सोयीस्करपणे गाळतो.

या सहलीचा गाभा होता प्राण्याला खाऊ घालणे. फाटकाबाहेर शेंगदाणे, फुटाणे, काकड्या, गाजरे विकणाऱ्यांची रांग असे. आई मुलाच्या हातात चार शेंगा देई, मूल हात लांब करी, हरिणाची ओली जीभ तळहाताला लागे आणि मूल दचकून हात मागे घेई. प्राणिसंग्रहालयात जाऊन आल्याचा पुरावा म्हणून मूल दुसऱ्या दिवशी शाळेत हीच गोष्ट सांगत असे. पाहणे दुरून होते, स्पर्श केवळ या मार्गाने होत असे. भारतीय मनात गाईला घास आणि मुंगीला साखर घालण्याची जी सवय आहे, तीच येथे पिंजऱ्यापर्यंत आली होती. पाश्चात्त्य प्राणिसंग्रहालयांतही प्राण्यांना खाद्य देण्याची चाल होतीच. आपल्याकडे तिला पुण्याची जोड मिळाली, एवढाच फरक. त्या खाण्याने प्राण्यांची पोटे बिघडत, हे कोणाच्या गावीही नसे.

मुलांच्या रेल्वेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. १९५६ मध्ये पेशवे पार्कमध्ये ‘फुलराणी’ ही छोटी रेल्वे सुरू झाली. हे नाव मराठी वाचकाला बालकवींच्या कवितेची आठवण करून देणारे आहे. बालकवी ठोमरे यांचा मृत्यू १९१८ मध्ये खानदेशातील भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून झाला. ज्या कवीचा अंत रेल्वेने केला त्याच्या कवितेचे नाव मुलांच्या रेल्वेला मिळावे, हा योग चमत्कारिक आहे. नाव देणाऱ्यांनी अर्थातच तसा विचार केला नसावा. त्यांच्यासमोर कोवळेपणा आणि हिरवळ हेच असणार. फुलराणीचा फेरा लहानसा होता. तिकीट-खिडकी, फलाट, शिट्टी, हिरवे निशाण हे सर्व खऱ्या रेल्वेसारखे. ज्या घरांत खरा रेल्वेप्रवास वर्षातून एकदा, मे महिन्यात आजोळी जाण्यापुरताच घडे, त्या घरांतील मुलांना हा फेरा मोठा वाटे. प्राणी पाहून झाल्यावरही मुले बागेतून हलत नसत ती या रेल्वेमुळे.

पिंजरा आणि कायदा

सात एकरांत वाघ, सिंह, हत्ती, अस्वले, हरणे, माकडे आणि पक्षी ठेवायचे म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला किती जागा येणार, याचे गणित अवघड नाही. लोखंडी गज, खाली फरशी, मागे अंधारी खोली आणि समोर प्रेक्षक, ही पिंजऱ्याची रचना एकोणिसाव्या शतकाची होती. तिच्यात प्राण्याला लपावयास जागा नसे, कारण तो दिसावा म्हणूनच तेथे ठेवला होता. पिंजऱ्यातील वाघ एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात अखंड येरझाऱ्या घालीत असे. मुले त्याला ‘वाघ फिरतोय’ म्हणत आणि खूष होत. बंदिवासाच्या ताणामुळे प्राण्यात उत्पन्न होणारी ही विकृती आहे, हे प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांना ठाऊक होते. सहलीला आलेल्या कुटुंबाला ते सांगणारे कोणी नव्हते. प्रस्तुत लेखकही लहानपणी अशाच एका पिंजऱ्यासमोर टाळ्या वाजवीत उभा राहिलेला आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने जंगलातील प्राण्यांना संरक्षण दिले. परंतु प्राणिसंग्रहालयांसाठी स्वतंत्र तरतूद त्यात नव्हती. ती आली १९९१ च्या दुरुस्तीने. या दुरुस्तीनुसार १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याच वर्षी मान्यतेचे नियम लागू झाले. आता प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय कोणतेही प्राणिसंग्रहालय चालविता येणार नव्हते. जागेचा आकार, पशुवैद्य, विलगीकरणाची सोय, आठवड्यातून किमान एक दिवस प्रेक्षकांना बंदी अशा अनेक अटी घालण्यात आल्या. १९९८ मध्ये राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरण जाहीर झाले आणि त्यात संवर्धन हा प्राणिसंग्रहालयाचा मुख्य हेतू ठरला.

या कायद्यातील एका कलमाचे सामाजिक महत्त्व अभ्यासकांच्या ध्यानात फारसे आलेले नाही. प्राणिसंग्रहालयातील प्राण्यास डिवचणे, त्रास देणे, इजा करणे किंवा खाऊ घालणे, तसेच आवाजाने वा अन्य प्रकारे त्याची शांतता भंग करणे आणि आवारात कचरा टाकणे, या सर्व गोष्टींना त्या कलमाने मनाई केली. खडे मारणारा टवाळ आणि हरिणाला शेंग देणारी चार वर्षांची मुलगी, दोघेही एकाच ओळीत आले. प्राण्याच्या आरोग्याच्या दृष्टीने हे पूर्णपणे योग्य आहे. हरिणाच्या पोटाला देणाऱ्याचा हेतू कळत नाही. तथापि या एका ओळीने सहलीच्या मध्यभागी असलेली कृती गुन्हा ठरली आणि कुटुंबाचे प्राण्याशी असलेले नाते हाताकडून पूर्णपणे डोळ्याकडे गेले. आठवड्यातील बंदीचा दिवसही असाच अर्थपूर्ण आहे. सवाई माधवरावांचा गेंडा पेशव्याच्या इच्छेला येईल तेव्हा पाहिला जात असे, पेशवे पार्कातील वाघ जनतेच्या सोयीने. आता आठवड्यातील एक दिवस प्राण्याचा झाला. शिकारखान्यापासून मोजले तर हा दिवस मिळण्यास दोनशे वर्षे लागली.

कात्रज

पेशवे पार्कची जागा नव्या नियमांत बसणे शक्य नव्हते. एका बाजूस रस्ते, दुसऱ्या बाजूस सारसबाग, भोवती वाढते शहर, दिवसभर वाहनांचा आवाज. कात्रज येथे १९८६ मध्ये सर्पोद्यान सुरू झाले होते. नीलिमकुमार खैरे यांनी ते उभे केले. पुढे त्याच परिसरात तलावासह सुमारे १३० एकर जागेवर राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आकाराला आले आणि १९९९ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. पेशवे पार्कमधील प्राणी टप्प्याटप्प्याने तेथे हलविण्यात आले व २००५ च्या सुमारास पर्वतीच्या पायथ्याचे प्राणिसंग्रहालय बंद झाले. सात एकरांवरून एकशे तीस एकरांवर! पिंजऱ्यांऐवजी खंदक, झाडी, पाणी आणि मुख्य म्हणजे प्राण्याला नजरेआड जाण्याची मुभा. कात्रजला गेलेल्या अनेक कुटुंबांची तक्रार असते की वाघ दिसलाच नाही. त्या तक्रारीतच नव्या व्यवस्थेचे यश आहे, असे आमचे मत आहे.

परंतु सहलीचे काय झाले? स्वारगेटपासून कात्रज सहा-सात किलोमीटर. हे अंतर आज कोणी अंतर मानणार नाही. मात्र सहा माणसांच्या कुटुंबाला चालत जाणे आणि बसने जाणे यांत फरक असतो. बसच्या जाण्यायेण्याचे तिकीट प्राणिसंग्रहालयाच्या तिकिटावर अधिक होते. लहान मूल आणि आजी यांना घेऊन गर्दीच्या बसमध्ये चढणे हा वेगळाच व्याप. परिणामी दुचाकी व मोटार असणाऱ्यांसाठी कात्रज सोयीचे झाले, तर पर्वतीच्या उतारावरील वस्तीतील कुटुंबासाठी, जे संध्याकाळी सुद्धा सहज उतरून हत्ती पाहून येत असे, ते वर्षातून एकदा ठरवून जाण्याचे ठिकाण झाले. १३० एकरांत चालणेही फार. आजी पहिल्या वळणावरील बाकावर बसून राहते आणि बाकीचे पाहून येईपर्यंत पिशव्या सांभाळते. आणखी एक बदल सूक्ष्म आहे. कात्रजला सहलीच्या वाटेवर तळ्यातला गणपती नाही. देव, प्राणी आणि रेल्वे यांचा जो त्रिवेणी संगम पर्वतीखाली आपोआप जमला होता तो सुटला. अर्थात आता स्त्रियांना बाहेर पडण्यास गणपतीचे कारण पूर्वीइतके लागत नाही. त्यामुळे ही हानी केवळ स्मरणरंजनाची आहे असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे.

अंतराच्या हानीबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही. शहराने वन्यप्राण्यांना जी जागा दिली ती योग्यच होती, परंतु तिची किंमत कोणी चुकती केली हे पाहिले पाहिजे. पिंजऱ्यातील वाघाने पन्नास वर्षे ती चुकती केली होती. त्यानंतरचा काही भाग पायी येणाऱ्यांच्या वाट्यास आला. प्राण्यांचे हित आणि गरीब प्रेक्षकाचे हित यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही. प्राणिसंग्रहालय शहराबाहेर नेताना शाळांसाठी व वस्त्यांसाठी नियमित मोफत वाहनांची सोय नियोजनाचाच भाग झाली असती तर प्रश्नाचे स्वरूप वेगळे राहिले असते.

हीच कहाणी थोड्याफार फरकाने महाराष्ट्रातील इतर शहरांची आहे. सोलापूर येथील महात्मा गांधी प्राणिसंग्रहालय, पूर्वीच्या औरंगाबादेतील (आताचे छत्रपती संभाजीनगर) सिद्धार्थ उद्यान, नागपूरचे महाराजबाग, ही सर्व शहरातच, अपुऱ्या जागेत वाढलेली. प्राधिकरणाचे निकष आणि चालविणाऱ्या संस्थांची आर्थिक कुवत यांत ती सापडली. हत्ती हा लहान शहरातील प्राणिसंग्रहालयाचा मानबिंदू. परंतु २००९ मध्ये प्राधिकरणाने प्राणिसंग्रहालयांतील हत्ती अभयारण्ये व वनछावण्यांत हलविण्याचा निर्णय घेतला. ज्या पाठीवर बसून तीन पिढ्यांनी प्रथम उंचावरून जग पाहिले ती पाठ त्या ओझ्यासाठी नव्हती, हे समजण्यास आपल्याला २००९ साल उजाडावे लागले.

उरलेले

प्राणी गेल्यानंतर पेशवे पार्कचे रूपांतर ऊर्जा उद्यानात झाले. फुलराणी तेथेच राहिली. वाघाच्या पिंजऱ्याची जागा दाखविता येईल अशी पिढी अजून शहरात आहे. आणखी वीस-पंचवीस वर्षांनी ती असणार नाही. म्हणून या विषयाच्या साधनांकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. महानगरपालिकांचे वार्षिक प्रशासन अहवाल, उद्यान विभागाच्या तिकीट-विक्रीच्या नोंदी, माहूत व पिंजऱ्यांवरील सेवकांची सेवापुस्तके आणि त्यांच्या घरच्यांच्या आठवणी ही एका बाजूची साधने होत. दुसऱ्या बाजूस कौटुंबिक छायाचित्रसंग्रह आहेत. हत्तीवर ओळीने बसलेली मुले, खाली उभे राहून वर पाहणारी आई आणि चौकटीत नसलेले, कारण छायाचित्र काढीत असलेले, वडील असे एखादे कृष्णधवल छायाचित्र पुष्कळ घरांत निघेल. त्यामागे बहुधा तारीख लिहिलेली नसते. ती लिहून घेण्यासाठी घरातील वृद्ध व्यक्तींना आत्ताच विचारावे लागेल.

सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर यांसारख्या शहरांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना पदवी वर्गाच्या प्रकल्पासाठी हे काम सहज देता येण्याजोगे आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातील अथवा गल्लीतील एका ज्येष्ठ व्यक्तीची मुलाखत घ्यावी. कोठून आलात, चालत की वाहनाने, कोणाबरोबर, डब्यात काय होते, तिकीट कोणी काढले, आजी आली होती का, प्राण्याला काय खाऊ घातले, कोणता पिंजरा आठवतो, आणि फाटकाशी कोणी कधी अडविले का, एवढे प्रश्न त्यासाठी पुरेसे आहेत. शेवटचा प्रश्न मात्र गाळू नये.